नोंदवहीतील रिकामी ओळ

मराठीत देशांतर्गत युद्धाला ‘यादवी’ म्हणतात. एकाच कुळातले यादव प्रभासक्षेत्री एकमेकांवर तुटून पडले आणि कुळासह संपले, त्या महाभारतातील कथेवरून हा शब्द आपल्या भाषेत रूढ झाला. असे युद्ध म्हणजे घरातले युद्ध, हे आपल्या भाषेने त्याच्या नावातच सांगून ठेवले आहे. पवित्र शास्त्राच्या आरंभीही अशीच एक कथा आहे. काइनाने हाबेलाला शेतात मारले आणि देवाने त्याला त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारला. काइनाचे उत्तर आपण सारे जाणतो. त्याने हात झटकले. मानवी इतिहासातील पहिला खून भावाभावांतला आणि पहिले मौनही त्याच खुनाविषयीचे, असे शास्त्र सांगते.

परक्याशी झालेल्या युद्धात घरचा माणूस पडला तर त्याची तसबीर दिवाणखान्यात लागते. यादवीत पडलेल्याचे तसे होत नाही. त्याला मारणारा पुष्कळदा शेजारच्याच आळीतला असतो आणि युद्ध संपल्यावर त्याच आळीत राहायचे असते. मग घर गप्प बसते. आजी नातवाला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही, आणि दोन पिढ्यांनंतर त्या माणसाचे नावच घरातून पुसले जाते. एकदा बंदुकीच्या गोळीने गेलेला माणूस दुसऱ्यांदा घरच्यांच्या मौनाने जातो.

ह्या लेखात आम्ही स्पेनमधील यादवीविषयी आणि तिच्यात हरवलेल्या माणसांच्या शोधाविषयी लिहिणार आहोत. ठाण्याच्या खोपट भागात राहणाऱ्या, मासुंदा तलावाकाठच्या बाप्तिस्ता योहानाच्या देवळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या कुटुंबांना स्पेनचे काय, असे कोणी विचारील. उत्तर असे की ते युद्ध आपल्याला वाटते तितके दूरचे नव्हते. महाराष्ट्रातील एक तरुण त्या युद्धात लढला आणि कैदी झाला. त्या युद्धातून वाचलेला एक तरुण पुढे धर्मगुरू होऊन आमच्या महाराष्ट्रात विहिरी खणायला आला. आणि त्या युद्धाने ख्रिस्तसभेपुढे जो प्रश्न टाकला, तो आमच्याही घरांपुढे आहे.

युद्धाची हकिकत

स्पेनमध्ये १९३१ साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. जमीनदारी, सैन्य, शाळा आणि ख्रिस्तसभेचे अधिकार ह्या सर्वांवरून देश दुभंगला. जानेवारी १९३२ मध्ये सरकारने येशूसंघ बरखास्त केला. जुलै १९३६ मध्ये सैन्याच्या एका मोठ्या गटाने बंड केले. पुढे जनरल फ्रँको त्याचा सर्वाधिकारी झाला. हिटलर आणि मुसोलिनी यांनी बंडखोरांना विमाने, रणगाडे व सैन्य दिले. प्रजासत्ताकाला सोविएत रशियाची मदत मिळाली. १ एप्रिल १९३९ रोजी फ्रँकोने विजय जाहीर केला. पावणेतीन वर्षांच्या ह्या संहारात सुमारे पाच लाख माणसे मेली असे इतिहासकार मानतात. त्यांपैकी फार मोठा भाग रणांगणावर पडला नाही. गावाबाहेरच्या रस्त्यांवर, दफनभूमीच्या भिंतींशी आणि खाणींच्या तोंडाशी त्यांना उभे करून मारण्यात आले.

कॅथलिक वाचकाला ह्या युद्धाची एक बाजू अधिक जवळून दुखवते. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील भागांत, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, जमावांनी चर्चेस जाळली आणि धर्मगुरूंना वेचून ठार केले. आंतोनिओ मोंतेरो ह्या स्पॅनिश इतिहासकाराने, जे पुढे स्वतः बिशप झाले, १९६१ साली त्यांची नावनिशीवार मोजदाद प्रसिद्ध केली: १३ बिशपांसह ४,१८४ धर्मप्रांतीय धर्मगुरू व गुरुविद्यार्थी, २,३६५ संन्यस्त पुरुष आणि २८३ धर्मभगिनी. एकूण ६,८३२. हा आकडा वाचून ज्याचे मन हलत नाही त्याने पुढे वाचू नये. पण दुसऱ्या बाजूचे मृत ज्याला मोजावेसे वाटत नाहीत त्यालाही आमची हीच विनंती आहे. फ्रँकोच्या सैन्याने ज्यांना मारले त्यांत शिक्षक होते, शेतमजूर होते, नगरपालिकांचे सभासद होते. मिस्साला नियमाने जाणारे कॅथलिकही होते. आणि पुढे सांगितल्याप्रमाणे धर्मगुरूसुद्धा होते.

नागपूरचा ‘जॉन स्मिथ’

प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला पन्नासांहून अधिक देशांतून पस्तीस हजारांच्या आसपास स्वयंसेवक स्पेनमध्ये गेले. त्यांच्या पथकांना आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणत. त्यांतील ब्रिटिश बटालियनला मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवाला ह्या पारशी पुढाऱ्याचे नाव देण्यात आले होते. ब्रिटनच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट सभासद म्हणून बसलेले सकलातवाला जानेवारी १९३६ मध्ये वारले होते.

ह्या बटालियनच्या शिपायांत ‘जॉन स्मिथ’ नावाचा एक सावळा गृहस्थ होता. त्याचे खरे नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपुरात लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणून ओळखत. त्यांचे पूर्वचरित्र ऐकून वाचक चकित होतील. १९२९ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून डॉ. हेडगेवार यांच्याबरोबर ज्यांची नेमणूक झाली, ते हेच. पुढे बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या खटल्यात त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर वृत्तपत्रविद्या शिकण्यासाठी ते लंडनला गेले. तेथे स्पेनच्या बातम्या त्यांनी ऐकल्या आणि १९३७ साली ते स्वयंसेवक म्हणून युद्धात उतरले. ज्याचे नाव हिंदुस्थान सरकारच्या दप्तरात राजकीय कैदी म्हणून आधीच चढलेले, त्याला ते नाव पुन्हा कोठे न लिहिणेच सोयीचे होते हे उघड आहे.

१९३८ च्या मार्च-एप्रिलमध्ये आरागॉनची आघाडी कोसळली. गांदेसा ह्या गावाच्या परिसरात ब्रिटिश बटालियनचे शेकडो शिपाई मारले वा पकडले गेले. हुद्दार पकडले गेले. त्यांना बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या येथे ठेवण्यात आले. हे नाव कॅथलिक वाचकाने लक्षात ठेवावे, कारण तो तुरुंग मुळात एक प्राचीन मठ होता. मध्ययुगात तेथील संन्यासी आक्रमकांच्या हातून मारले गेल्याची आणि ते रक्तसाक्षी म्हणून पूजिले गेल्याची परंपरा आहे. त्या मठाच्या दालनांत शेकडो परदेशी कैदी दाटीवाटीने कोंडले होते. मारहाण होई, अन्न अपुरे असे, आणि फाशिस्ट पद्धतीने हात उंचावून सलामी देण्याची व रविवारच्या मिस्साला हजर राहण्याची सक्ती होती. पवित्र मिस्सा शिक्षेसारखी वापरली गेली, ही गोष्ट श्रद्धावंताला तुरुंगातील उपासमारीहून कमी बोचत नाही. कैद्यांनी तशातही हाताने लिहिलेले वर्तमानपत्र काढले आणि एकमेकांना भाषा, गणित, इतिहास शिकवण्याचे वर्ग चालवले.

१९३८ च्या शरद ऋतूत कैद्यांच्या अदलाबदलीत हुद्दार सुटले आणि हिंदुस्थानात परतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९८१ साली वारले. त्यांच्या राजकीय प्रवासाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ते त्या मठात, तापाने वा गोळीने, गेले असते तर त्यांच्या दफनाची नोंद कोणत्या नावाने झाली असती? ‘जॉन स्मिथ’. इंग्लंडमध्ये ह्या नावाची हजारो माणसे आहेत. नागपुरातील त्यांच्या घरच्यांना वृत्तपत्रविद्या शिकायला गेलेला आपला माणूस लंडनमध्ये कोठेतरी नाहीसा झाला एवढेच कळले असते. त्या सैन्यात टोपणनावाने भरती झालेले अनेक जण होते. त्यांतील जे परतले नाहीत, त्यांची घरे पोलंडमध्ये, इटलीत, क्यूबात अशीच वाट पाहत बसली. ब्रिगेडच्या पुष्कळशा कागदपत्रांचा गठ्ठा युद्धानंतर मॉस्कोत गेला आणि अनेक दशके संशोधकांना बंद राहिला. ते कागद उघडल्यावर काही नातवांना आजोबांचे खरे नाव आणि मृत्यूची तारीख एकाच दिवशी समजली.

मनमाडचे फादर

आता युद्धाच्या त्याच आघाडीवरच्या दुसऱ्या तरुणाकडे वळू. पहिल्या महायुद्धात मुंबईचे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू इंग्रज सरकारने परत पाठवले. त्यांची जागा १९२० नंतरच्या वर्षांत स्पेनच्या आरागॉन प्रांतातील येशूसंघीयांनी घेतली. झेविअर कॉलेजात १९२६ साली भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन करणारे बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास त्यांच्यापैकीच. आमच्या मुंबई महाधर्मप्रांताला ह्या पाद्रींचा सहवास अर्धशतकाहून अधिक काळ लाभला. मराठी शिकून, आमची नावे पाठ करून त्यांनी आम्हांला प्रवचने दिली. आपल्या मायदेशात १९३६ ते १९३९ ह्या काळात काय घडले, त्या गोष्टी मात्र प्रवचनांत फारशा आल्या नाहीत. ज्यांचा संघच मायदेशात बरखास्त झाला होता आणि ज्यांचे गुरुबंधू तेथे मारले जात होते, त्या माणसांनी आमच्या मुलांना बाप्तिस्मा देताना मनात काय वाहिले असेल, ह्याचा विचार आज करावासा वाटतो.

युद्धानंतर आलेल्या स्पॅनिश येशूसंघीयांत एक होते व्हिसेंते फेरर. जन्म १९२०, बार्सिलोना. १९३८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, प्रजासत्ताकाच्या सैन्यात त्यांची सक्तीने भरती झाली. त्या वर्षी भरती केलेल्या कोवळ्या पोरांच्या तुकडीला स्पेनमध्ये ‘दुधाच्या बाटलीची भरती’ असे कडवट नाव पडले. एब्रो नदीच्या लढाईत ही पोरे उभी केली गेली. ही लढाई २५ जुलैपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालली आणि तिचे मुख्य लक्ष्य गांदेसा होते. म्हणजे ज्या परिसरात वसंत ऋतूत नागपूरचा माणूस पकडला गेला, त्याच परिसरासाठी उन्हाळ्यात बार्सिलोनाचा हा मुलगा लढत होता. पराभवानंतर त्यांनी पळून गेलेल्या लाखो लोकांबरोबर फ्रान्सची हद्द ओलांडली, छावणीत दिवस काढले, आणि परत आल्यावर पुन्हा फ्रँकोच्या छावणीचा अनुभव घेतला. १९४४ साली कायद्याचे शिक्षण सोडून ते येशूसंघात दाखल झाले. १९५२ च्या फेब्रुवारीत ते मुंबई बंदरात उतरले.

पुढची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातील मनमाड परिसरात त्यांनी शेतकऱ्यांना विहिरी खणण्यासाठी धान्य, तेल आणि कर्ज दिले. १९६८ साली त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईकडे चालत निघाले. त्यांत ख्रिस्ती मूठभरच होते. इंदिरा गांधींच्या मध्यस्थीने ते दुसऱ्या वर्षी परतले आणि आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात त्यांनी काम उभे केले. येशूसंघातून ते १९७० साली बाहेर पडले आणि २००९ साली अनंतपूर येथे वारले. पराभूत बाजूच्या गणवेशात अठरावे वर्ष घालवलेल्या ह्या माणसाने विजेत्यांच्या स्पेनमध्ये धर्मगुरुपदाची वाट धरली. युद्धातील दोन्ही बाजू एका देहात वावरू शकतात, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

अक्रोडाचे झाड

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये वारला. ऑक्टोबर १९७७ मध्ये स्पेनच्या लोकसभेने सर्वांना माफीचा कायदा केला. हेतू चांगला होता. पुन्हा यादवी नको, म्हणून जुन्या गोष्टी कोणी उकरू नयेत असे दोन्ही बाजूंनी मानले. लोकशाही रुजली, पण रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेली माणसे तेथेच राहिली. एक लाखाहून अधिक माणसे अशी बेपत्ता असल्याची यादी २००८ साली न्यायालयापुढे आली. फ्रँकोने उभारलेल्या प्रचंड स्मारकाच्या भुयारात, जेथे २०१९ पर्यंत तो स्वतः पुरलेला होता, तेहतीस हजारांवर मृतांचे अवशेष आहेत. त्यांत पराभूत बाजूचे कित्येक मृत घरच्यांना न विचारता आणून टाकलेले आहेत.

हे मौन एका नातवाने मोडले. एमिलिओ सिल्वा हे माद्रिदमधील पत्रकार. त्यांचे आजोबा, त्यांचेही नाव एमिलिओ सिल्वाच, लेओन प्रांतात किराणा दुकान चालवीत. प्रजासत्ताकवादी पक्षाचे ते सभासद होते आणि गावात सरकारी शाळा व्हावी म्हणून खटपट करीत. १६ ऑक्टोबर १९३६ च्या रात्री त्यांना बारा-तेरा जणांबरोबर गाडीत घालून नेण्यात आले आणि प्रियारांसा देल बिएर्सो ह्या गावाजवळ रस्त्याच्या कडेला गोळ्या घालण्यात आल्या. मागे पत्नी आणि सहा मुले राहिली. घरात त्या रात्रीविषयी कोणी बोलत नसे. आजी वृद्धापकाळी वारली, तीही न बोलता.

२००० साली नातू कुटुंबाची कथा लिहिण्यासाठी माहिती जमवीत गावी गेला. एका वृद्ध परिचिताने त्याला सहज सांगितले की ती माणसे कोठे आहेत हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याच्या वळणावर, अक्रोडाच्या झाडापाशी. चौसष्ट वर्षे जे कुटुंबाला गूढ होते, ते गावाला गूढ नव्हतेच. त्या ऑक्टोबरमध्ये पुरातत्त्वज्ञांनी तेथे शास्त्रशुद्ध खोदकाम केले आणि तेरा मृतांचे अवशेष सापडले. हाडांतील डीएनए नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून २००३ साली आजोबांची ओळख पटली. त्या यादवीच्या बळींपैकी अशा तपासणीने ओळखले गेलेले ते पहिले. त्यांना गावच्या दफनभूमीत पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आले. ह्या शोधातून निघालेल्या चळवळीने देशभर कबरी उघडल्या. २००७ साली ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला आणि २०२२ च्या कायद्याने बेपत्तांचा शोध घेणे हे शासनाचेच कर्तव्य ठरवले.

ह्यावर आक्षेपही घेतले गेले. जुन्या जखमा कशाला उघडता, असे पुष्कळांनी म्हटले. त्यांत श्रद्धाळू कॅथलिकही होते. तो आक्षेप खोटा म्हणून झटकता येणार नाही. ज्या घरातला धर्मगुरू काका जमावाने जाळला, त्या घराला आता दुसऱ्या बाजूच्या हाडांचा सन्मान पाहायचा होता. पण ज्या नातवंडांनी कबरी उघडल्या, त्यांपैकी बहुतेकांनी मारेकऱ्याला फाशी मागितली नाही. मारेकरी तर केव्हाच मेले होते. त्यांनी मागितले ते आपल्या माणसाचे हाड, त्याचे नाव आणि त्याला आजीच्या शेजारी ठेवण्याची परवानगी. दफनभूमीत नेणे ही दयेची शारीरिक कृती आहे असे आपण धर्मोपदेशात लहानपणापासून शिकत आलो. तोबिताने राजाज्ञा मोडून आपल्या बांधवांची प्रेते पुरली, म्हणून तो आपल्याला आदरणीय वाटतो.

ख्रिस्तसभेची नोंद

आता जी गोष्ट सांगायची, तिच्यासाठीच हा लेख आहे. ख्रिस्तसभेने आपल्या रक्तसाक्ष्यांची आठवण ठेवली. २८ ऑक्टोबर २००७ रोजी रोममध्ये ४९८ आणि १३ ऑक्टोबर २०१३ रोजी तार्रागोना येथे ५२२ जणांना धन्यवादित घोषित करण्यात आले. तार्रागोनाच्या त्या समारंभात तेथील साहाय्यक बिशप मानुएल बोर्रास यांचेही नाव होते. ते ऑगस्ट १९३६ मध्ये मारले गेले होते. त्यांचे वरिष्ठ कार्डिनल व्हिदाल यांनी मात्र १९३७ साली स्पेनच्या बिशपांनी बंडखोरांच्या समर्थनार्थ काढलेल्या सामुदायिक पत्रावर सही केली नाही. फ्रँकोने त्यांना परत येऊ दिले नाही आणि १९४३ साली ते स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेत वारले. एकाच धर्मप्रांताचे दोन मेंढपाळ: एकाला एका बाजूने मारले, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूने घराबाहेर ठेवले.

बास्क प्रदेशात फ्रँकोच्या सैन्याने १९३६-३७ मध्ये अनेक धर्मगुरूंना गोळ्या घातल्या, कारण ते आपल्या बास्क जनतेच्या बाजूचे मानले जात. त्यांची अंत्यविधीची मिस्सा झाली नाही. धर्मप्रांताच्या पत्रिकेत मृत धर्मगुरूंची नावे छापण्याची रीत होती. त्यांची नावे छापली गेली नाहीत. आपल्याच घरच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी ओळ राहिली नाही. ११ जुलै २००९ रोजी, सात दशकांनंतर, व्हितोरिया येथील कॅथेड्रलमध्ये बास्क बिशपांनी अशा चौदा धर्मगुरूंसाठी मिस्सा अर्पण केली आणि नोंदीतील ती उणीव भरून काढण्याचे ठरवले. इतकी वर्षे पाळलेले मौन ही केवळ चूक नव्हती, ते सत्याविरुद्ध, न्यायाविरुद्ध आणि प्रीतीविरुद्ध होते, अशा आशयाची कबुली देऊन त्यांनी क्षमा मागितली. तत्पूर्वी १९७१ साली स्पेनच्या बिशप व धर्मगुरूंच्या संयुक्त सभेतही बहुमताने असा ठराव पुढे आला होता की भावाभावांच्या त्या युद्धात आपण समेटाचे सेवक होऊ शकलो नाही, म्हणून क्षमा मागावी. नियमाप्रमाणे लागणारे दोन-तृतीयांश मत त्याला मिळाले नाही. पण तो मांडला गेला, हेच मोठे होते.

आमच्या मते ह्या दोन प्रकारच्या आठवणी एकमेकींच्या विरोधी नाहीत. रक्तसाक्ष्याला वेदीवर मान देणे आणि विस्मृत मृताची ओळ भरणे, ही दोन्ही एकाच विश्वासाची कामे आहेत. देवापाशी कोणी बेपत्ता नाही, हा तो विश्वास.

आमच्या घरांतील ओळ

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम जगभर लागू झाला. १६१४ च्या विधिग्रंथाने मृतांच्या नोंदीही घालून दिल्या. १९८३ च्या धर्मसभा-कायद्यानुसार आजही प्रत्येक धर्मग्रामाला ह्या तीन वह्या ठेवाव्या लागतात, आणि दफनानंतर मृताची नोंद करावी लागते. येथेच मेख आहे. नोंद होते ती दफनाची. ज्याचे शव घरी आले नाही त्याच्या वाट्याला ती ओळ येत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत तो आहे, कदाचित विवाहाच्या वहीतही आहे. मृतांच्या वहीत मात्र नाही. कागदावर तो अद्याप जिवंत असतो, आणि घरात कोणी त्याचे नाव घेत नाही.

आमच्या खोपटच्या आणि एकूण ठाण्याच्या कॅथलिक कुटुंबांत अशी माणसे नाहीत असे कोण म्हणेल? साष्टीवर १७३७ ते १७३९ ह्या काळात जे युद्ध झाले, त्यात गावकरी दोन्ही बाजूंना ओढले गेले. अंजूरच्या नाईकांनी मराठ्यांना बोलावून आणले; ख्रिस्ती रयत पोर्तुगीजांच्या आश्रयाला होती, आणि वसई मे १७३९ मध्ये पडल्यावर तीच रयत नव्या राज्यात नांदू लागली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये ‘नवे मराठे’ म्हणून एका वर्गाची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती धर्म सोडून पुन्हा हिंदू झालेल्या ह्या कुटुंबांत गोमस, सोज, फर्नान अशी आडनावे टिकून राहिली होती. आमच्या घरांत आडनावे पोर्तुगीज, मूळ कुळे मराठी; त्यांच्या घरांत कुळे मराठी आणि आडनावाच्या तळाशी एखादा गोम्स. कोणत्या भावाने कोणता उंबरठा ओलांडला, हे त्या काळी दोन्ही घरांना ठाऊक होते. मग दोन्ही घरे गप्प झाली.

गेल्या शतकात ही यादी लांबली. दोन महायुद्धांत बोटींवर गेलेले खलाशी आणि १९४२ साली ब्रह्मदेशातून पायी निघालेले कारकून, परिचारिका व रेल्वेचे नोकर यांच्यापैकी कित्येकांची घरे शेवटच्या पत्राची तारीख तेवढी सांगू शकतात. कोणाला परदेशात दुसरे घर झाले असेल, कोणी पळाला असेल, कोणी पक्षाच्या कामात नाव बदलले असेल. अशा शंकेपोटीच घरे बोलत नाहीत. पण शंकेने मारलेल्या मृतालाही प्रार्थना लागू असते.

शोधाची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी कोणालाही पाहता येते. रंगूनजवळच्या तौक्यान येथील स्मारकावर ज्यांची कबर ठाऊक नाही अशा सुमारे सत्तावीस हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांची नावे मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जतन केली आहेत. धर्मग्रामाच्या जुन्या वह्या हे पहिले आणि सर्वांत जवळचे साधन. त्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात पुढील संस्कारांची टिपणे असतात. परगावी झालेल्या विवाहाची सूचना तेथे येऊन पोहोचलेली सापडते. आणि सर्वांत आधी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे. प्रियारांसाच्या अक्रोडाखाली काय आहे हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नाही. विचारणारा नातू लागला.

ज्या वाचकांना असा शोध घ्यावासा वाटेल त्यांना दोनच सूचना. एक, मिळेल ते सत्य स्वीकारण्याची तयारी आधी करावी. आजोबा आपल्याला आवडणाऱ्या बाजूनेच लढले असतील असे नाही. नागपूरच्या हुद्दारांच्या आयुष्यात आज एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या असलेल्या दोन बाजू सामावल्या होत्या. दुसरी, सापडलेले नाव घरातच ठेवू नये. ज्याचा मृत्यू निश्चित झाला आहे त्याच्यासाठी शांत्यर्थ मिस्सा मागावी. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दिवंगतांच्या नावांची जी यादी आपण वेदीवर ठेवतो तिच्यात ते नाव पूर्ण लिहावे: बाप्तिस्म्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव. कोणत्या बाजूने मेला हे त्या यादीत लिहावे लागत नाही.